डॉक्समध्ये लिहिलंय तसंच केलं तरी ४०३ येतोय? आधी डॉक्सचं व्हर्जन बघा

आमच्या टीममध्ये एकच प्रॉब्लेम (फॉर्म सबमिट केला की ४०३, म्हणजे सर्व्हरचा 'परवानगी नाही' असा एरर) वर्षभरात तीनदा आला, तिन्ही वेळा उत्तर डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे डॉक्समध्ये, स्वच्छ लिहिलेलं होतं आणि तिन्ही वेळा अर्धा-अर्धा दिवस गेला, म्हणून आता सगळं नीट लिहून ठेवतेय. उदाहरण जँगोचं (पायथनमध्ये वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) आहे कारण आम्ही तेच वापरतो, पण लारावेल, स्प्रिंग अशी दुसरी फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी पण वाचा, अडकायची जागा तीच असते.

आम्ही बाणेरला बसतो, सहा जणांची टीम, हाउसिंग सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, म्हणजे मेंटेनन्सची बिलं, पावत्या, तक्रारी वगैरे. ॲप बरीच वर्षं जँगो २.२ वर होतं. २.२ चा सपोर्ट एप्रिल २०२२ मध्येच संपला होता, आमचं आज करू उद्या करू चाललेलं, शेवटी एका दमात २.२ वरून ४.२ वर उडी मारली. लोकल मशीनवर सगळं चाललं, टेस्ट हिरव्या, संध्याकाळी सर्व्हरवर टाकलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंहगड रोडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन, "अगं, पावती सेव्ह करायला गेलं की नुसतं ४०३ येतंय, आणि ४०३ वाल्यांनी तर पैसे कधीच भरलेत!" त्यांना तो फ्लॅट नंबर वाटला, आणि का नाही वाटणार, सोसायटीचं सॉफ्टवेअर आहे, आकडा दिसला की माणूस फ्लॅटच समजणार.

तर लक्षणं अशी होती. ज्यांच्याकडे ॲपचं पान आधीपासून उघडं होतं त्यांना ते दिसत होतं, पण त्यावरचा कुठलाही फॉर्म सबमिट केला की ४०३. आणि जे लॉगआउट झाले होते त्यांना आतच येता येईना, कारण लॉगिन पण शेवटी फॉर्मच. पानावर फक्त सीएसआरएफ व्हेरिफिकेशन (दुसऱ्याच साइटवरून चोरून फॉर्म पाठवला जात नाही ना, ही तपासणी) फेल झालं एवढंच, खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये होतं: ओरिजिन चेकिंग फेल्ड, अमुक पत्ता कुठल्याच ट्रस्टेड ओरिजिनशी जुळत नाही.

हे का होतं ते आधी सांगते. जँगो ४.० पासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, ब्राउझर जो ओरिजिन हेडर (रिक्वेस्ट कुठल्या पत्त्यावरून आली ते सांगणारी ओळ) पाठवतो तो सीएसआरएफ तपासणीत बघितला जातो. आमच्या सर्व्हरवर एचटीटीपीएस एन्जिनएक्स (पुढे बसणारा वेब सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी) सांभाळतो आणि मागे गनिकॉर्नला (जँगो चालवणारा सर्व्हर) साधं एचटीटीपी देतो. म्हणजे ब्राउझर म्हणतो मी एचटीटीपीएसवरून आलोय, आणि जँगोला वाटतं माझा स्वतःचा पत्ता एचटीटीपी आहे, दोन्ही जुळत नाहीत, गेट बंद. लोकल मशीनवर मध्ये एन्जिनएक्स नाही त्यामुळे तिथे जुळतं, म्हणून टेस्टिंगमध्ये आम्हाला काही कळलं नाही.

उपाय एका सेटिंगचा आहे, सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स, त्या यादीत आपला पत्ता टाकायचा. इथपर्यंत आम्ही दहा मिनिटांत पोचलो होतो. आणि इथेच खरा घोळ झाला.

गुगलवर शोधल्यावर जे पान पहिलं आलं त्यात लिहिलं होतं की यादीत होस्टचं नाव, म्हणजे नुसतं डोमेन, द्या. आमच्या टीमच्या विकीवरही एक जुनी ओळ सापडली, २०२० ची असावी, "ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये फक्त डोमेन टाका, पुढे एचटीटीपीएस लावू नका." दोन्हीकडे तेच म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची, डोमेन टाकलं, गनिकॉर्न रिस्टार्ट केला, तरी ४०३. मग आम्हाला वाटलं की सेटिंग तर बरोबर आहे, कारण दुसरंच काहीतरी असणार, मग कुकी बघ, एन्जिनएक्सचे हेडर बघ, कॅशे साफ कर, असं करत जेवणाची वेळ झाली आणि तिकडे काकांचे दर अर्ध्या तासाला फोन.

शेवटी कुणीतरी सर्व्हरवर मॅनेज डॉट पीवाय चेक (सेटिंगमधल्या चुका शोधणारी जँगोची कमांड) चालवलं. लगेच उत्तर. ४.० पासून या सेटिंगमधली प्रत्येक व्हॅल्यू स्कीमने सुरू झाली पाहिजे, म्हणजे एचटीटीपीएस, कोलन, दोन स्लॅश, मग डोमेन. तेवढं पुढे लावलं आणि चाललं. रनसर्व्हर (लॅपटॉपवर ॲप चालवायची जँगोची कमांड) हे चेक आपोआप करतो, गनिकॉर्न करत नाही, म्हणून नुसत्या रिस्टार्टला ती चूक गपचूप गिळली गेली. आता आमच्या डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये (नवा कोड सर्व्हरवर टाकणारी) रिस्टार्टच्या आधी चेक आहे आणि एरर आला तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, तुम्हीही आज घाला, एका ओळीचं काम आहे. (प्रॉक्सीमागे एचटीटीपीएस आहे हे जँगोला कळवायचं वेगळं सेटिंगही आहे, सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर, पण ते लावायच्या आधी त्याच्याखालची वॉर्निंग पूर्ण वाचा. बाहेरून आलेला तो हेडर तुमचा प्रॉक्सी काढून टाकत नसेल तर ते धोक्याचं आहे.)

मुद्दा असा की ते पहिलं पान चुकीचं नव्हतं. ते जुन्या व्हर्जनचं पान होतं आणि त्या व्हर्जनसाठी अक्षर न् अक्षर खरं होतं. विकीवरची ओळही लिहिली तेव्हा खरीच होती. आणि दोन ठिकाणी तेच लिहिलंय म्हणजे खात्री, असं आम्ही धरलं, पण विकीची ओळ त्याच जुन्या पानावरून उतरवलेली होती, म्हणजे साक्षीदार दोन दिसत होते तरी मुळात एकच.

आता वाचताना काय करायचं ते. सगळ्यात आधी जिथे बिघडलंय तिथलं व्हर्जन बघा, आपल्या लॅपटॉपवरचं नाही, सर्व्हरवर जाऊन त्याच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (ॲपची पॅकेजेस जिथे इन्स्टॉल असतात ते फोल्डर). "पायथन -एम जँगो --व्हर्जन", बास. रिक्वायरमेंट्सच्या फाइलवर (कुठली पॅकेजेस हवीत त्याची यादी) विश्वास ठेवू नका, त्यात ४.२ आणि प्रत्यक्षात ३.२ चाललेलं मी स्वतः बघितलंय. मग डॉक्सचं पान उघडलं की पत्त्यातला आकडा बघा, जँगोच्या डॉक्सच्या पत्त्यातच व्हर्जन असतं, आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात व्हर्जन बदलायची सोय असते. सपोर्ट संपलेल्या व्हर्जनच्या पानावर वरती ठळक सूचना पण असते, पण सर्चमधून आलेला माणूस थेट खालच्या मुद्द्यावर जाऊन पडतो, त्याला ती दिसतच नाही. पत्त्यात आकड्याऐवजी स्टेबल असेल तर ती लिंक आज एका व्हर्जनवर नेते आणि वर्षभराने दुसऱ्याच, त्यामुळे टीमच्या नोट्समध्ये तसली लिंक नका देऊ, आकड्याची द्या.

पुढची गोष्ट बऱ्याच अनुभवी लोकांनाही माहीत नसते. जँगोच्या डॉक्समध्ये "अमुक व्हर्जनमध्ये बदललं" अशा छोट्या नोंदी असतात, फार उपयोगी, पण त्या कायम राहत नाहीत. दोन रिलीज जुन्या झालेल्या नोंदी काढून टाकतात, म्हणजे ४.२ चे डॉक्स तयार होताना ४.० च्या नोंदी गेल्या. आता विचार करा, आमच्यासारखा जो २.२ वरून थेट ४.२ वर येतो त्याने अगदी बरोबर व्हर्जनचं पान उघडलं तरी तिथे "हे ४.० मध्ये बदललं" असं लिहिलेलंच नसणार, त्याला फक्त आजची पद्धत दिसेल आणि आपली जुनी व्हॅल्यू का चालत नाही ते कळणार नाही. म्हणून उडी मारायची असेल तर मधल्या सगळ्या रिलीज नोट्स वाचायच्या, ३.०, ३.१, ३.२, ४.०, ४.१, ४.२, सहाच्या सहा. पूर्ण नको, प्रत्येकीत बॅकवर्ड्स इनकम्पॅटिबल चेंजेस (जुना कोड मोडू शकणारे बदल) नावाचा भाग असतो तेवढा, आणि असेल तिथे काय काढून टाकलं त्याची यादी. ४.० च्या नोट्समध्ये आमची अडचण स्वतंत्र मथळ्याखाली आहे, फॉरमॅट बदललाय आणि हे सेटिंग आता लावावं लागू शकतं, दोन्ही गोष्टी. दोन कप चहा होईपर्यंत सहाही भाग वाचून होतात, आणि आमचा अर्धा दिवस गुणिले तीन गेला.

अपग्रेडच्या आधी टेस्ट "पायथन -डब्ल्यूए" लावून चालवल्या तर पुढच्या व्हर्जनमध्ये काय जाणार त्याच्या वॉर्निंग दिसतात, त्या एरवी दडवलेल्या असतात. हे एका व्हर्जनवरून पुढच्यावर जाताना कामाचं, मोठ्या उडीत अर्धंच हाती लागतं.

आणि डॉक्समध्ये नाहीच सापडलं तर सोर्स उघडा, घाबरू नका. सीएसआरएफचं मिडलवेअर (आलेली रिक्वेस्ट आधी तपासणारा कोड) एकच फाइल आहे, एडिटरमध्ये नावावर कंट्रोल धरून क्लिक केलं की पोचता. त्यात ओरिजिन तपासणारं फंक्शन जेमतेम पंचवीसेक ओळींचं आहे, आपण यादीत टाकलेली व्हॅल्यू आणि ब्राउझरने पाठवलेला ओरिजिन यांची सरळ तुलना आहे, एकात एचटीटीपीएस आहे आणि एकात नाही हे वाचल्या वाचल्या समजतं. सोर्सचा एक मोठा फायदा, ते तुमच्याच मशीनवर इन्स्टॉल झालेल्या व्हर्जनचं असतं, जुनं पान उघडलं जायचा प्रश्नच येत नाही. चॅटबॉटला विचारत असाल तर व्हर्जन सांगून विचारा आणि सेटिंगचं नाव तेवढं घेऊन खरं पान बघा, कारण नाही सांगितलं तर तो चार व्हर्जनची खिचडी करून देतो आणि दिसायला ती एकदम व्यवस्थित असते.

अजून एक, डॉक्स डाउनलोड करून ठेवा. जँगोचे डॉक्स एचटीएमएल, पीडीएफ, ईपब तिन्हीत मिळतात, प्रत्येक व्हर्जनचे वेगळे. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते, वायफाय बंद, लॅपटॉपची बॅटरी चालू, तेव्हा हेच कामाला येतं. पण मला ते आवडायचं खरं कारण वेगळं आहे, त्या फोल्डरचं नाव ४.२ आहे आणि त्यात शोधलं की ४.२ चंच सापडतं.

हे झालं वाचायचं. पण हा प्रॉब्लेम परत परत का आला? पहिल्यांदा सुटला तेव्हा आम्ही चॅट ग्रुपवर लिहिलं, "एचटीटीपीएस लावा, चालतंय," सगळ्यांनी अंगठे दिले आणि विकीवरची ती ओळ तशीच राहिली. चार महिन्यांनी स्टेजिंगचं (चाचणीच्या सर्व्हरचं) सबडोमेन बदललं, करणारा वेगळा होता, त्याने विकी बघून केलं, परत ४०३. मग एका नव्या सोसायटीला स्वतःचं डोमेन हवं होतं, परत तेच. तिसऱ्या वेळी मला खरंच वाईट वाटलं, कारण तो मुलगा नवीन होता, त्याने आपल्याकडे जे लिहिलंय ते प्रामाणिकपणे वाचून केलं होतं आणि तरी शिव्या त्याने खाल्ल्या. आपल्या डॉक्सवर भरवसा ठेवणाऱ्या माणसालाच त्रास होत असेल तर पुढच्या वेळी तो का वाचेल? तो सरळ शेजारच्याला विचारणार, आणि शेजारच्याला आठवेल तेवढंच त्याला कळणार.

तेव्हा आम्ही ठरवलं की विकी बंद. आता सगळं कोडच्याच रेपोमध्ये (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) डॉक्स नावाच्या फोल्डरमध्ये असतं, साध्या टेक्स्ट फाइल. कोड बदलणाऱ्याने त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (रिव्ह्यूसाठी पाठवलेला बदल) डॉक्स बदलायचे, रिव्ह्यू करणाऱ्याने दोन्ही बघायचं. यातून आपोआप झालेली गोष्ट म्हणजे ४.२ च्या ब्रँचवर ४.२ चे डॉक्स आणि जुन्या टॅगवर गेलं की तेव्हाचे डॉक्स. जँगोचं स्वतःचंही असंच आहे, त्यांचे डॉक्स फ्रेमवर्कच्याच रेपोत आहेत, स्फिंक्स नावाच्या टूलने बनतात.

ती ओळ आता कशी लिहिली आहे ते सांगते. सुरुवातीला एरर जसाच्या तसा, लॉगमधून कॉपी केलेला, कारण अडकलेला माणूस एररच शोधतो, त्याला सेटिंगचं नाव माहीत असतं तर तो अडकला कशाला असता. मग कुठल्या व्हर्जनपासून. मग काय लिहायचं, आपल्या खऱ्या स्टेजिंगच्या डोमेनचं उदाहरण देऊन. मग का, दोन वाक्यांत, एन्जिनएक्सचं सगळं. मग जमलं की नाही ते कसं बघायचं, म्हणजे चेक चालवा आणि लॉगिन करून बघा. आणि शेवटी कुणी, कधी, कुठल्या व्हर्जनवर करून बघितलं. मला विचाराल तर यातला "का" सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या ओळीत "एचटीटीपीएस लावू नका" एवढंच होतं, का ते नव्हतं, "जँगो २.२ मध्ये इथे होस्टची तुलना होते म्हणून" एवढं पुढे असतं तर ४.२ वर वाचणाऱ्याला लगेच शंका आली असती.

डॉक्स बरोबर आहेत का हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. आमच्याकडे चिंचवडची एक मुलगी नवीन लागली, पहिल्या दिवशी तिला सेटअपचं पान दिलं आणि मी शेजारी बसले, बोलायचं नाही आणि कीबोर्डला हात लावायचा नाही असं स्वतःला बजावून. तिसऱ्या पायरीला ती थांबली. तिथे लिहिलं होतं, एन्व्ह फाइल (त्या मशीनची सेटिंग असलेली) कॉपी करा. दोन मिनिटं ती फोल्डर वरखाली करत होती, मग हळूच म्हणाली, "ताई, कुठली फाइल? कुठून?" माझ्या मशीनवर ती फाइल दोन वर्षांपासून पडलेली, मला ती पायरी दिसतच नव्हती. तिला म्हटलं, आत्ता थांबलीस ना, इथेच लिही. तिने नमुना फाइल कुठे आहे, कुठल्या नावाने कॉपी करायची आणि त्यातल्या कुठल्या तीन ओळी बदलायच्या ते लिहिलं, आणि ती तिची आमच्या रेपोतली पहिली कमिट. तेव्हापासून नवीन माणसाचं पहिलं काम हेच, पान वाचत सेटअप करायचा आणि अडकशील तिथे पान दुरुस्त करायचं.

जे मशीनला तपासता येतं ते मशीनकडे द्या. आमच्याकडे थकबाकीवरचं व्याज काढणारं फंक्शन आहे, त्याच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेलं वर्णन) उदाहरण आहे, थकबाकी १०,०००, दर २१ टक्के, दोन महिने, उत्तर ३५०. पायथनमध्ये डॉकटेस्ट नावाची सोय आहे, ती डॉकस्ट्रिंगमधलं उदाहरण खरंच चालवून बघते आणि उत्तर जुळलं नाही तर टेस्ट फेल करते. मध्यंतरी एकाने महिन्यांऐवजी दिवसांवर हिशेब नेला, ६० दिवस भागिले ३६५, उत्तर ३४५.२१, बिल्ड तिथेच लाल झाला. बदल चांगल्या हेतूने होता, पण त्या सोसायटीचा ठराव महिन्यांवर आहे, आणि ते बिल लोकांच्या दारात जायच्या आधी कळलं. लिंकांसाठी स्फिंक्समध्ये लिंकचेक आहे, महिन्यातून एकदा चालवतो, मेलेल्या लिंका सापडतात.

पानं वेगवेगळी ठेवायची हे पण आम्ही जँगोच्या डॉक्सकडून शिकलो. त्यांच्या पहिल्याच पानावर सांगितलंय, शिकवणारे ट्यूटोरियल वेगळे, समजावून सांगणारे विषय वेगळे, रेफरन्स वेगळा आणि हे-कसं-करायचं वेगळं. आमचं जुनं विकी पान सगळ्याची भेळ होती, सर्व्हर पडलाय आणि माणूस सीएसआरएफचा इतिहास वाचतोय असं व्हायचं.

भाषेबद्दल आमच्यात बरीच चर्चा झाली. आता कोडचा रेफरन्स इंग्लिशमध्ये आहे, पण सपोर्टला बसणाऱ्यांसाठीची पानं मराठीत, कारण ती घाईत आणि फोन कानाला लावून वाचायची असतात. आणि काकांच्या त्या फोननंतर ४०३ चं पानही बदललं, जँगोत त्यासाठी आपला व्ह्यू, म्हणजे पान दाखवणारा कोड, देता येतो. आता त्यावर आकडा नाही, "तुमची नोंद सेव्ह झालेली नाही, पान रिफ्रेश करून परत प्रयत्न करा, तरी नाही झालं तर आम्हाला फोन करा" एवढंच आहे आणि खाली सपोर्टचा नंबर.

सध्या ५.२ वर जायचं काम चालू आहे. यावेळी कोडला हात लावायच्या आधी ५.०, ५.१ आणि ५.२ च्या रिलीज नोट्स घेऊन बसलो. पहिल्याच तासात सापडलं की लॉगआउटची साधी लिंक, म्हणजे गेट रिक्वेस्टने लॉगआउट, ५.० मध्ये काढून टाकलीय, पोस्टच (फॉर्मने पाठवलेली रिक्वेस्ट) लागतं. आमच्या टेम्प्लेटमध्ये शोधलं तर तशा चार लिंका निघाल्या आणि डॉक्समध्ये एक उदाहरण. चारही जागी फॉर्म केला, उदाहरण बदललं, खाली "५.० पासून" आणि कारण लिहिलं, त्या चिंचवडच्या मुलीने रिव्ह्यू केला आणि एका जागी सीएसआरएफ टोकन (त्या तपासणीसाठी फॉर्ममध्ये घालायची खूण) घालायचं राहिलंय म्हणून परत पाठवला.